पाटल्या विकायच्या आधी ऑप्शन फॉर्म भरा

पत्र :

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून लिहिते आहे. अंगणवाडी सेविका आहे. मिस्टर लाँचवर जातात, वाटणीवर. सध्या पावसाळी मासेमारी बंदी असल्यामुळे घरीच आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७९ टक्के. सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. आम्ही भंडारी, ओबीसीत येतो. जात पडताळणीचा अर्ज डिसेंबरातच केलाय, अजून काही आलं नाही. माझा भाऊ नालासोपाऱ्याला असतो. त्याच्या ओळखीचा एक माणूस म्हणतो, आत्ता दीड लाख दिले तर नवी मुंबईत मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की, फी वेगळी. माझ्याकडे आईने दिलेल्या पाटल्या आहेत. त्या विकाव्यात का? दीर म्हणतात, कर्ज काढलंत तर जमीन जाईल, त्यापेक्षा पोरीला रत्नागिरीला बीएस्सीला घाला. मुलगी गप्पच असते. फॉर्म सुरू व्हायची वेळ आली आहे. काय करू?
– एक आई

उत्तर :

ताई, पाटल्या विकू नका. आणि त्या माणसाला दीड लाख सोडाच, चहाचे पैसेही देऊ नका.

आधी त्याचाच हिशेब मिटवू. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ रोजी एक शासन निर्णय काढला. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट दोनच गोष्टींची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्यातून झालेला हवा. कॉलेज खासगी विनाअनुदानित असलं तरी चालतं. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश मात्र चालत नाही. म्हणजे दीड लाख मोजून तुम्ही मुलीची चार वर्षांची फीमाफी घालवणार, वर पूर्ण फी भरणार. भावाला हे एवढंच ऐकवा, तो स्वतःच त्या माणसाला फोन करून नाही म्हणेल.

‘डोनेशन’ घेणं हा १९८७च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. कॉलेजच्या हातातल्या जागासुद्धा जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनेच भरायच्या असतात. कॅप सुरू व्हायच्या आधी सीट ‘पक्की’ करणारा माणूस म्हणजे होडी अजून समुद्रात असताना धक्क्यावर उभं राहून सुरमईचे पैसे घेणारा. तुमच्या घरात हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता ९१ पर्सेंटाइलचं. तुमच्या पत्राच्या सुरातून वाटलं की हे गुण कमी आहेत अशी कुणी तरी तुमची समजूत करून दिली आहे. मुंबई-पुण्याच्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटर शाखा या गुणांत मिळणार नाही, हे खरं. पण कॉलेजं तेवढीच नाहीत. सीईटी सेलच्या, म्हणजे सीईटी आणि कॅप चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या असतात. त्या उघडल्या की प्रत्येक कॉलेजखाली इंग्रजी अक्षरांची रांग दिसते आणि माणूस तिथेच घाबरून पान बंद करतो. मुलीला सांगा, सगळं वाचू नको, ‘एलओबीसीएच’ हा रकाना शोध. एल म्हणजे लेडीज, मधलं ओबीसी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे हा आकडा सर्वसाधारण रकान्यापेक्षा बऱ्याचदा खाली असतो. कुणी ‘त्या कॉलेजला ९६ लागतात’ म्हणालं, तर ते कुठल्या रकान्याचं बोलतात हे विचारायचं.

होम युनिव्हर्सिटीचा फायदा कोकणातल्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. बारावी रत्नागिरी जिल्ह्यातून झाली की तुमची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातली. त्या क्षेत्रात सिंधुदुर्गापासून ठाण्यापर्यंतची कॉलेजं येतात, मुंबईही येते. विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा या होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी असतात. म्हणजे नवी मुंबईच्या ज्या कॉलेजसाठी तो माणूस दीड लाख मागतोय, तिथे तुमची मुलगी हक्काने रांगेत उभी राहू शकते.

ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॅपमध्ये कॉलेज आणि शाखांची पसंती भरायच्या फॉर्ममध्ये, ३०० पर्यंत पर्याय भरता येतात आणि लोक आठ-दहा भरून मोकळे होतात. भरपूर भरा. क्रम मात्र मुलीला जसं हवं तसाच लावा. ‘हे मिळणारच नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलायचं नाही. वर ठेवल्याने काही तोटा होत नाही, नाही मिळालं तर यंत्रणा पुढच्या पर्यायाकडे जाते. उलट तोटा असा होतो : पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत मग भाग घेता येत नाही. शेजारच्यांनी भरला म्हणून एखादा पर्याय पहिल्या नंबरवर टाकला आणि तोच मिळाला, की झालं. माझ्या मते तुमच्या यादीत लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असायलाच हवं. माणगावजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत, आणि राज्य सरकारचं विद्यापीठ. शिवाय रत्नागिरी, देवरुखजवळचं आंबव, कणकवली इथली खासगी कॉलेजंही घाला. घरापासून तीन-चार तासांवर असणं ही अडाणीपणाची निवड नव्हे. राहण्या-खाण्याचा खर्च मुंबईपेक्षा पुष्कळ कमी पडतो, आणि तुमचा खरा खर्च तोच असणार आहे.

मला तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ पाटल्यांची वाटली नाही. पडताळणीचा अर्ज डिसेंबरात केला आणि अजून काही आलं नाही, ही वाटली.

अर्जाची पावती जोडून कॅपची नोंदणी करता येते. पण माहितीपत्रकात दिलेल्या तारखेपर्यंत मूळ जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर मुलगी खुल्या गटात धरली जाते आणि वर सांगितलेला सगळा हिशेब कोसळतो. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम हे. अर्ज कुठल्या ईमेलवरून आणि कुठल्या मोबाइलवरून भरलाय ते बघा. गावोगाव हेच घडतं, सायबरवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, जात पडताळणी समितीने ‘त्रुटी पूर्तता करा’ असं कळवलेलं त्याच्या इनबॉक्समध्ये महिनोन्‌महिने पडून राहतं, आणि आई-बाप समजतात, सरकारी काम आहे, वेळ लागणारच. लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा. त्रुटी निघालेली असेल तर कागद घेऊन स्वतः रत्नागिरीला समितीच्या कार्यालयात जा. सोबत सीईटीचं गुणपत्रक न्या आणि प्रवेशाचं कारण देऊन लवकर निकाल द्यावा असा साध्या कागदावर अर्ज द्या. त्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

त्रुटी बहुतेक वेळा एकाच गोष्टीची असते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जातीची नोंद असलेला वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला असला तर उत्तम. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ, बहिणी, पणजोबा, कुणाचाही चालतो, फक्त वंशावळ जुळली पाहिजे. आपल्याकडे एक गंमत असते, आजोबा पोरवयात मुंबईला गेलेले असतात आणि त्यांची नोंद गावच्या शाळेत न मिळता परळ-लालबागच्या पालिकेच्या शाळेत मिळते. तेव्हा गावात सापडलं नाही म्हणून थांबू नका. तहसील कार्यालयात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जात लिहिलेली असते. आणि सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मिस्टरांच्या सख्ख्या-चुलत भावंडांपैकी कुणाच्या मुलाकडे वैधता प्रमाणपत्र आहे का ते विचारणं. असेल तर त्याची प्रत आणि शपथपत्र जोडलं की फाइल हलते. कोकणात भावकीशी बोलणं बंद असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. बंद असेल तर यंदा सुरू करा. दिरांची मुलं आधीच शिकून गेली असतील तर कर्जावर मत देणाऱ्या दिरांच्याच कपाटात तुमचा कागद असेल.

बाकीचे दाखले त्यामानाने सोपे. नॉन-क्रीमी लेअर चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, जुनं संपलेलं लावू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला. मिस्टरांना पगारपत्रक नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला अडणार नाही, तलाठ्यांच्या अहवालावर तो मिळतो. आधार कार्ड आणि बारावीची गुणपत्रिका यांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेवढं आजच ताडून पाहा.

आता पैसे. फीमाफीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क जातं. विकास शुल्क, अनामत, होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे राहतं. कॉलेजात जाल तेव्हा ‘एकूण फी किती’ असं विचारू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या फीमध्ये शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, असं तोडून विचारा आणि कागदावर घ्या. काही ठिकाणी खिडकीवरचा माणूस ‘आधी सगळी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ’ म्हणतो. पात्र मुलींकडून माफ असलेली फी प्रवेशाच्या वेळी मागायची नाही, असं सरकारचं कॉलेजांना सांगणं आहे. शासन निर्णयाची प्रत पर्समध्ये ठेवा, आवाज न चढवता पुढे करा. तरीही अडवलं तर प्राचार्यांना लेखी द्या.

राहण्या-खाण्याचं समजा महिन्याला ८ हजार धरले, तर वर्षातल्या १० महिन्यांचे ८० हजार. चार वर्षांचे ३ लाख २० हजार. लॅपटॉपचे ४० हजार मिळवा. ३ लाख ६० हजार झाले. विकास शुल्क आणि किरकोळ धरून चार लाखांच्या आसपास. इंजिनिअरिंग म्हटल्यावर तुमच्या घरात जो आकडा फिरत असेल, त्याच्याशी हा ताडून पाहा.

एवढ्यासाठी जमीन जात नाही. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँक तारण मागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, म्हणजे बँकेला हमी सरकारची, तिथेही तारण नाही. त्यापुढे गेलात तरच घर-जमिनीचा विषय निघतो. आणि खरं सांगू? आपल्याकडचे सात-बारा बघून बँक स्वतःच हात जोडते. चार चुलते, तीन आत्या, मुंबईला गेलेले, वारलेले, सगळ्यांची नावं अजून तशीच. सामाईक जमीन तारण कोण घेणार! दिरांना सांगा, जमीन द्यायची म्हटली तरी बँक ती घेणार नाही.

कर्ज मुलीच्या नावावर असतं, आई किंवा वडील सहकर्जदार. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सीझन चांगला गेला त्या महिन्यात दोन-तीन हजार व्याजापोटी भरत राहिलात तर पुढचा हप्ता हलका बसतो. काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात, विचारून घ्या. ‘तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ हे कारण शैक्षणिक कर्जाला लागू नाही. तोंडी नकार ऐकून घेऊ नका, लेखी मागा, लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच जणांची भाषा बदलते. २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेबद्दल कुणी सांगेल. यादीतल्या निवडक संस्थांसाठी ती विनातारण, विनाजामीन कर्ज देते, पण तिची ३ टक्के व्याजसवलत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना नाही. ती सवलत मिळेल असं धरून चालू नका.

आता पाटल्या. प्रवेशाचा सगळा खर्च नेमका पावसाळ्यात येतो, बोटी किनाऱ्याला आणि हातात वाटणी नाही अशा वेळी. कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा पैसा तर फार उशिरा येतो. त्या मधल्या महिन्यांसाठी पाटल्यांचा उपयोग. राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत त्या गहाण ठेवा, लागेल तेवढेच घ्या, बँकेकडून कर्जाचे पहिले पैसे आले किंवा ऑगस्टनंतर वाटणी सुरू झाली की सोडवा. सोनाराच्या पेढीवर किंवा ओळखीच्या सावकाराकडे नाही. लॅपटॉपही पहिल्याच महिन्यात घ्यायची घाई नको. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना बहुतेक तेच विषय असतात आणि कॉलेजात लॅब असते.

महाडीबीटीवर अर्ज दर वर्षी करायचा असतो, नूतनीकरण विसरलं की त्या वर्षीची फी अंगावर येते. आणि खात्याचं एक बघा. ‘आधार लिंक आहे’ असं बँक म्हणते, तेवढं पुरत नाही. सरकारचा पैसा आधारला जे खातं शेवटचं जोडलं गेलं असेल तिथे जातो. सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन भलतंच एखादं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसा तिकडे जाऊन बसतो. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. पतसंस्थेतलं खातं तर यासाठी चालतच नाही.

होस्टेलचं म्हणाल तर आधी कॉलेजचं, मग इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं मुलींचं वसतिगृह आहे का ते पाहा. तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम खात्यात मिळते. जागा मोजक्या आणि गुणवत्तेवर, पण ७९ टक्केवाल्या मुलीने अर्ज न करण्याचं कारण नाही. आणखी एक दार आहे. तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेलच. वह्यावाटप आणि गुणगौरव बहुतेक मंडळं करतात. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा बोलू, असं करू नका, तोवर बहुतेक प्रवेश आटोपलेले असतात. आत्ताच सेक्रेटरींना पत्र लिहा, नेमकी रक्कम आणि नेमकं कारण घालून. ‘मदत करावी’ एवढंच लिहिलेल्या पत्राला कुणी उत्तर देत नाही. ‘होस्टेलच्या अनामतीसाठी १० हजार’ असं लिहिलं की कुणी तरी खिशात हात घालतो.

मुलगे असलेल्या वाचकांसाठी जाता जाता : ही पूर्ण फीमाफी मुलींचीच. ओबीसी मुलांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, खुल्या गटातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. त्याखेरीज टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, मंजूर जागांवर ५ टक्के जादा, पूर्ण शिक्षण शुल्क माफ, जातीचा संबंध नाही. पण त्यांचा चॉइस कोड, म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये भरायचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला, आणि तो स्वतंत्रपणे भरावा लागतो. कॉलेजचा साधा कोड भरला म्हणजे हा आपोआप भरला जात नाही. दर वर्षी कितीतरी हुशार मुलं इथेच चुकतात.

राहता राहिली मुलगी. तीन पानांच्या पत्रात भाऊ बोलतो, दीर बोलतात, तो ओळखीचा माणूस बोलतो आणि मुलगी गप्पच असते. घरात पैशाची चणचण दिसत असताना मूल स्वतःहून मोठी मागणी करत नाही, गप्प राहतं. तेव्हा ‘तुला काय हवं’ असं विचारून काही निघणार नाही. तिला काम द्या. कटऑफच्या याद्या, वही आणि दोन दिवस. तिने तिची यादी करायची आणि ती वडिलांना समजावून सांगायची, हे कॉलेज का वर, ते का खाली, राहायचं कुठे, खर्च किती. मिस्टर सध्या जाळी विणत घरीच आहेत, ऐकायला वेळ आहे. समजावताना तिला स्वतःलाही कळेल की कॉम्प्युटर तिला हवंय की मैत्रिणी जातायत म्हणून हवंय. दिरांच्या बीएस्सीलाही तिच्या वहीत एक पान द्या. वाईट पर्याय नाही तो, तिने पाहून नाकारला किंवा घेतला तर उत्तमच.

फॉर्म तिनेच भरायचा, पासवर्ड तिच्याच वहीत. सायबरवाल्याकडे बसायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तिचाच.

बँकेचं काम मात्र जुलै संपायच्या आत उरका. सहकर्जदार म्हणून सही मिस्टरांची लागणार, मॅनेजर एकदा समोर बोलावणार, आणि १ ऑगस्टला बंदी उठली की ते आठ-आठ दिवस समुद्रात.